एका घरातले दोन तपास अधिकारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या टोळीयुद्धावर रहस्यकादंबरी लिहायची आहे. नायक-नायिका पती-पत्नी असून दोघेही पोलीस खात्यात तपासाचे काम करतात. शहरात एकापाठोपाठ तीन खून पडतात आणि ती दोघे मिळून त्यांचा छडा लावतात. असे खरोखर घडू शकते का, दोघांना एकाच गुन्ह्याच्या तपासावर नेमले जाईल का, आणि कथेच्या मध्यावर पत्नीला पतीचाच एक खबरी या खुनांत गुंतल्याचा संशय येतो तेव्हा कायद्याने तिचे हात कितपत बांधलेले असतात, असे विचारले आहे. माझी सारी नोकरी मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत आणि गुन्हे शाखेत गेली, माझे पतीही याच खात्यात होते, आणि निवृत्तीनंतर काही लेखकांची हस्तलिखिते मी तपासाच्या अंगाने वाचून दिली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

पती-पत्नी दोघेही पोलीस अधिकारी असणे यात नवल काहीच नाही. नाशिकच्या पोलीस प्रबोधिनीत एकाच तुकडीत प्रशिक्षण घेतलेल्या उपनिरीक्षकांची लग्ने होतात आणि पुढची तीस वर्षे त्यांचा संसार दोन वेगवेगळ्या ड्युट्यांच्या मधल्या वेळात चालतो. मात्र एकाच गुन्ह्याच्या तपासावर दोघांना नेमणारा वरिष्ठ मी पाहिलेला नाही. कायद्यात तशी थेट मनाई कुठेही लिहिलेली नाही. परंतु एका गुन्ह्याला तपास अधिकारी एकच असतो, बाकीचे त्याला मदत करतात, आणि मदत करणाऱ्या प्रत्येकाला आपण केलेल्या कामाबद्दल पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. हत्याराची जप्ती एकाने केली, आरोपीचे निवेदन दुसऱ्याने नोंदवले आणि ही दोघे नवरा-बायको निघाली, तर बचाव पक्षाच्या वकिलाला उलटतपासासाठी निराळी तयारी करावी लागत नाही. फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच असला म्हणून तपास आपोआप रद्द ठरत नाही, पूर्वग्रह दाखवून द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली सांगितले आहे. त्या तर्काने पती-पत्नींचा तपासही केवळ नात्यामुळे कोसळणार नाही, पण संशयाला जागा करून देणारी नेमणूक शहाणा वरिष्ठ करत नाही. म्हणून एकाच जीपमधून हिंडणारी, एकाच टेबलावर फाइल उघडून बसणारी जोडी आपण सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे कथेचे नुकसानही होते, कारण एकत्र काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून काही लपवावे लागत नाही.

आपल्याला हवी ती मांडणी मुंबईच्या व्यवस्थेत तयारच आहे. गोळीबार झाला की पहिल्यांदा पोहोचतो तो हद्दीच्या पोलीस ठाण्याचा अधिकारी. फिर्याद तिथे नोंदवली जाते, घटनास्थळाचा आणि मृतदेहाचा पंचनामा तिथलाच अधिकारी करतो, आणि खुनाचा तपास सहसा पोलीस निरीक्षकाकडे असला तरी कागदांचा मोठा भाग त्याच्या हाताखालचा सहायक निरीक्षक लिहीत असतो. त्याच रात्री गुन्हे शाखेचा त्या भागातला कक्ष समांतर तपास सुरू करतो. कक्षाकडे गुन्ह्याचे मूळ कागद नसतात, पण टोळ्यांची माहिती असते, खबरी असतात, आणि हद्दीचे बंधन नसते. पुढे धागेदोरे एकाहून अधिक ठाण्यांत पसरलेले दिसले की वरिष्ठांच्या आदेशाने गुन्हा शाखेकडे वर्ग होतो, आणि ठाण्यातला अधिकारी आपण लिहिलेले सगळे कागद यादी करून, पोच घेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. राबायचे ठाण्याने आणि पत्रकार परिषद शाखेची, ही भावना ठाण्यांत खोलवर रुजलेली आहे. पत्नीला ठाण्यात सहायक निरीक्षक म्हणून बसवा, पतीला गुन्हे शाखेच्या कक्षात नेमा. एकच खून, दोन तपास आणि एकच स्वयंपाकघर, एवढ्यावर कादंबरी उभी राहते.

आता मुख्य मुद्दा. तपासात एखादी गोष्ट कळण्याला जेवढे महत्त्व आहे, त्याहून अधिक महत्त्व ती कुठून आणि किती वाजता कळली याला आहे. अधिकाऱ्याने रोजच्या रोज केस डायरी लिहायची असते. माहिती कोणत्या वेळी मिळाली, तपास किती वाजता सुरू केला, कुठे गेलो, किती वाजता थांबवला, हे तिच्यात नोंदवण्याचे बंधन दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७२ ने घातलेले होते आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ मध्येही ते आहे. त्याशिवाय स्टेशन डायरी असते. तिच्यात कोण कधी बाहेर पडले, कोण कधी परतले, काय बातमी आली, हे क्रमाने आणि वेळेसह लिहिले जाते. या सगळ्या व्यवस्थेत घरी जेवताना कळलेल्या गोष्टीला रकाना नाही. पती-पत्नी अधिकाऱ्यांची खरी अडचण इथे आहे, आणि आपल्या कादंबरीचे रहस्य मी इथेच बांधले असते.

एक उदाहरण देते. पहिल्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी पत्नी एका पानवाल्याचा जबाब घेते. मोटारसायकलचा नंबर त्याने पुरता पाहिलेला नाही, पण ‘एमएच ०२’ आणि शेवटचा आकडा त्याला आठवतो, आणि मागे बसलेल्याच्या डाव्या हाताला प्लास्टर होते हे तो छातीठोकपणे सांगतो. रात्री उशिरा घरी आल्यावर ती हे पतीला सांगते. तिसऱ्या दिवशी पतीचा कक्ष अंधेरीतून मोटारसायकलस्वाराला उचलतो. पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या खुनानंतर गुन्हे एकत्र होतात, कागद इकडून तिकडे जातात, आणि पत्नीच्या नजरेला पतीच्या कक्षाची डायरी पडते. तिच्यात खात्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असलेले वाक्य आहे: ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की...’ आणि पुढे प्लास्टरचा उल्लेख. तिला आधी वाटते, हा बातमीदार म्हणजे मीच. नवऱ्याने घरातली गोष्ट खबऱ्याच्या नावावर खपवली. राग येतो, पण भीती वाटत नाही. मग तिचे लक्ष वेळेकडे जाते. नोंद संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांची आहे, आणि ती घरी पोहोचली होती रात्री ११ नंतर. म्हणजे तिने सांगण्याच्या आधीच पतीला कुणीतरी सांगितले होते. पानवाल्याने आणखी कुणाला सांगितले नसेल, तर ते ठाऊक असलेला दुसरा माणूस फक्त खुनात सामील असणाराच असू शकतो. संशय यावा तो असा, कागदावरच्या वेळेतून. दाराआडून ऐकलेल्या फोनवरच्या संभाषणातून तो आणू नये; ती युक्ती वाचकाला ओळखीची आहे आणि न्यायालयात तिची किंमत कमी आहे.

या ठिकाणी पुरावा कायद्याची दोन कलमे एकमेकांत अडकतात. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम १२५ सांगते. खबरी त्याच्याच आधारावर जिवंत राहतात. कलम १२२ सांगते की, वैवाहिक जीवनात पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याला जे सांगितले ते उघड करण्याची सक्ती दुसऱ्यावर करता येत नाही, आणि सांगणाऱ्याची संमती असल्याशिवाय ते उघड करण्याची परवानगीही नाही. अपवाद दोनच: पती-पत्नींमधला आपसातला दावा, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच कलमे अनुक्रमे १३१ आणि १२८ या क्रमांकांनी आली आहेत. आपल्या नायिकेच्या बाबतीत याचा अर्थ असा की, पतीने रात्री तिच्याजवळ मन मोकळे करून ‘तो माझा माणूस होता, त्याने मला फसवले’ असे म्हटले, तर ते वाक्य तिला साक्षीत सांगता येणार नाही. तिची इच्छा असली तरी येणार नाही. बहुतेक लेखक इथे चुकतात आणि पत्नीला ‘सांगू की नको’ अशा धर्मसंकटात टाकतात. कायद्याने तो पर्याय तिच्या हाती ठेवलेलाच नाही, संमतीचा अधिकार बोलणाऱ्याचा आहे.

पण हे संरक्षण फक्त बोलण्याला आहे, कृतीला नाही. १९५४ सालचा राम भरोसे खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. आरोपी पहाटे छतावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला, अंघोळ केली, हे पत्नीने पाहिले होते. तिने डोळ्यांनी पाहिलेले सांगता येते, त्याने तिला तोंडाने सांगितलेले सांगता येत नाही, असा भेद न्यायालयाने केला. तेव्हा नायिकेने काय ऐकले यापेक्षा काय पाहिले यावर आपण कथा तोलावी. पतीच्या खिशातला दुसरा पेजर, सुट्टीच्या दिवशी तो ज्या गल्लीत वळला ती गल्ली, कपाटात नसायला हवी होती ती रोकड, हे सारे तिला सांगता येईल. शिवाय ऐकलेल्या गोष्टीवरून स्वतंत्र पुरावा शोधून काढायला कोणतेही कलम आड येत नाही. उत्तम तपास अधिकारी तेच करतो: जे सांगता येत नाही ते बाजूला ठेवतो आणि तिथवर पोहोचवणारा दुसरा, उघड रस्ता शोधतो.

कादंबरीचा काळ कोणता धरावा असेही आपण विचारले आहे. मी मे १९९५ ते फेब्रुवारी १९९९ हा काळ सुचवीन, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे. जे. जे. रुग्णालयात १२ सप्टेंबर १९९२ रोजी झालेल्या गोळीबारासारखी प्रकरणे त्या कायद्याखाली चालली. मे १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली. महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, अमलात आला फेब्रुवारी १९९९ मध्ये. त्यात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाला पुन्हा मान्यता मिळाली, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळाली, आणि फोनवरील संभाषण पुराव्यात आणण्याची सोय झाली. मधली पावणेचार वर्षे मुंबईतले टोळ्यांचे खून साध्या कायद्याने सिद्ध करावे लागत होते, आणि नेमक्या याच काळात शहरात व्यापारी, कामगार नेते, चित्रपट व्यवसायातली माणसे मारली जात होती. डॉ. दत्ता सामंत यांचा १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खून झाला, आणि गुलशन कुमार यांचा १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत. दुसऱ्या खटल्यात २००२ साली सत्र न्यायालयाने एकोणीस आरोपींपैकी एकालाच दोषी ठरवले. आणखी एकाची निर्दोष सुटका उच्च न्यायालयाने रद्द केली ती २०२१ साली. साध्या कायद्याने टोळीचा खून सिद्ध करणे किती अवघड होते, हे यावरून कळावे.

साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली चालत नाही. चालतो तो फक्त तिच्यातला तेवढाच भाग, ज्यामुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली. आरोपीने ‘ज्या पिस्तुलाने मी त्याला मारले ते अमुक ठिकाणी पुरले आहे, काढून देतो’ असे म्हटले, तर ‘अमुक ठिकाणी पुरले आहे, काढून देतो’ एवढेच ग्राह्य धरले जाते. ‘ज्याने मी मारले’ हे गळते. ब्रिटिश काळातले सर्वांत वरचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ सालच्या कोट्टया खटल्यात घालून दिलेली ही रेघ आजही पाळली जाते. म्हणून ‘आरोपी ढसाढसा रडून सगळे कबूल करतो’ या प्रसंगावर कादंबरी संपवू नये. त्या काळातल्या अधिकाऱ्यासाठी खरे काम तिथून पुढे सुरू होत असे.

काळ मागचा घेतल्याने आणखी एक सोय होते. मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली होती, पण येणाऱ्या कॉललाही पैसे पडत आणि तो मोजक्या लोकांकडे असे. बाकीचा कारभार पेजर आणि पीसीओवर, म्हणजे सार्वजनिक फोनवर, चालायचा. रस्त्यावर कॅमेरे नव्हते. गाडीच्या नंबरासाठी आरटीओच्या नोंदवह्या उलटाव्या लागत. ताडदेवचा ०१, अंधेरीचा ०२, वडाळ्याचा ०३, हे हवालदारांनाही पाठ असे. आजच्या काळात कथा ठेवली तर अर्धा तपास टॉवरच्या नोंदी आणि सीसीटीव्हीच्या चित्रणावर जातो, झडती-जप्तीचे चित्रीकरण आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ-भेट कायद्याने बंधनकारक झाली आहे, आणि पती-पत्नींमध्ये लपवाछपवीला उरणारी जागा फार कमी होते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याचा प्रसंग आपण दोन ओळींत उरकला आहे. तिथे थांबा, असा माझा आग्रह आहे. पिस्तूल प्रत्येक गोळीनंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकते, रिव्हॉल्व्हर फेकत नाही. त्यामुळे जमिनीवर पुंगळ्या आहेत की नाहीत, यावरून हत्याराचा पहिला अंदाज येतो. रात्रीची वेळ, बघ्यांची गर्दी, कुणाच्या तरी पायाने एक पुंगळी गटाराच्या जाळीपर्यंत सरकलेली. आधी दोन पंच मिळवायचे. समोरचा चहावाला हात जोडून नको म्हणतो, वरच्या मजल्यावरचा गृहस्थ दार लावून घेतो, आणि मग शिपाई जवळच्या नाक्यावरून दोन माणसे आणतो. तीच दोन माणसे त्या ठाण्याच्या आणखी पाच गुन्ह्यांत पंच असतील, तर हे पुढे न्यायालयात हमखास निघते आणि पंचनाम्याची भंबेरी उडते. पंच आले की विजेच्या खांबापासून प्रत्येक पुंगळीचे अंतर टेपने मोजून लिहायचे, पुंगळीच्या बुडाशी कोरलेली अक्षरे बॅटरीच्या उजेडात वाचून जशीच्या तशी उतरायची, प्रत्येक पुंगळी कागदात गुंडाळून वेगळ्या खाकी पाकिटात घालायची, पाकिटावर दोन्ही पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या सहीची चिठ्ठी लावायची, वर लाखेचे सील करायचे. रक्ताने भिजलेली माती एका डबीत आणि तुलनेसाठी साधी माती दुसऱ्या डबीत. हे करायला दीड-दोन तास जातात, आणि पत्नीच्या हातून होणारे हे काम वाचकाने जवळून पाहिले तर पुढे ती त्या डायरीतली वेळ का पाहते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तिन्ही खून एकाच टोळीचे आहेत हे ठरते तेही याच पाकिटांवरून. ती मुद्देमालाच्या नोंदवहीत चढतात, पत्रासह शिपायाबरोबर कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, आणि तिथे पुंगळीवर उमटलेली फायरिंग पिनची खूण दुसऱ्या गुन्ह्यातल्या पुंगळीशी ताडून पाहिली जाते. एका खुनाची हद्द माहीमची, दुसऱ्याची घाटकोपरची, तरी पिस्तूल एकच, हे तिथे कळते. अहवाल यायला महिने लागतात. आपल्या हस्तलिखितात तो दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, तो बदल करावाच लागेल. उलट त्या विलंबाचा उपयोग करून घ्या: अहवाल येईपर्यंत दोघांचेही तपास आपापल्या चुकीच्या दिशेने बरेच पुढे गेलेले असू शकतात.

ओळख परेडबद्दल थोडक्यात सांगते. ती तुरुंगात, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे होते, आरोपीसारख्याच दिसणाऱ्या किमान सहा जणांमध्ये त्याला उभे केले जाते, आणि तपास अधिकारी तिथे हजर राहू शकत नाही. अटकेनंतर आरोपीचा चेहरा झाकून नेतात तो याचसाठी. वृत्तपत्रात फोटो छापून आला की परेडची किंमत संपते, आणि आपल्या कथेतल्या कक्षाने पत्रकार परिषद घेतलीच आहे.

टोळीच्या रचनेविषयी आपण वाचून लिहिले आहे हे दिसते, तरी एक दुरुस्ती सुचवते. सुपारी देणारा आणि गोळी झाडणारा यांची भेट सहसा होत नाही. परदेशात बसलेला म्होरक्या, त्याचा इथला हस्तक, रेकी करणारा, घोडा, म्हणजे पिस्तूल, आणून देणारा आणि काम झाल्यावर तो परत नेणारा, मोटारसायकल चालवणारा, आणि शेवटी शूटर. यांतल्या प्रत्येकाला आपल्या वरचा एकच माणूस ठाऊक असतो, तोही बऱ्याचदा टोपणनावाने. शूटर कित्येकदा पहिल्यांदाच हत्यार हातात धरणारा पोरगा असतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ, भायखळा, लोअर परळ या पट्ट्यात घरोघरी चूल विझली, आणि त्या घरांतली काही पोरे टोळ्यांच्या हाती लागली. नायिका गिरणगावातली दाखवली आहे हे मला फार आवडले. तिने ज्याला अटक केली, त्याच्या आईला तिने ‘मावशी’ म्हणून हाक मारलेली असणे सहज शक्य आहे. तो प्रसंग लिहाच.

खबऱ्याचे पात्र मात्र पुन्हा लिहावे लागेल. तो गरीब, भित्रा आणि पैशांसाठी बोलणारा दाखवला आहे. असे खबरी असतात, पण खुनाची बातमी ते देत नाहीत. मोठी बातमी देणारा माणूस टोळीच्या कडेला वावरणारा असतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या टोळीची बातमी देतो. आपल्या टोळीच्या शत्रूला पोलिसांच्या हातून संपवणे हा त्याचा नफा. अधिकाऱ्याला वाटते आपण खबरी वापरतो आहोत. वर्ष-दोन वर्षांनी मागे वळून पाहिले तर आपल्या खात्यावरच्या सगळ्या अटका एकाच टोळीच्या दिसतात, आणि दुसरी टोळी तेवढ्याच प्रमाणात वाढलेली असते. नव्वदच्या दशकात कर्तबगार म्हणून नावाजलेल्या अधिकाऱ्यांना हा धोका होता. आपला नायक लाचखोर दाखवू नका. तो प्रामाणिक आणि हुशार असू द्या, आणि त्याच्या हुशारीचा फायदा दुसराच कुणी घेत होता हे त्याच्या पत्नीला त्याच्याआधी कळू द्या. खबऱ्याचे नाव अधिकारी घरात सांगत नाही, सांगूही नये. ती शिस्त आहे. तीच शिस्त पत्नीला भिंतीसारखी वाटू लागते, यात दोघांपैकी कुणाचीही चूक नाही, आणि म्हणून तो संघर्ष वाचण्याजोगा होतो.

चकमकीचा प्रसंग आपण शेवटी घातला आहे: नायक त्या खबऱ्याला गोळी घालतो आणि प्रकरण मिटते. मी हे लिहू नये असे सांगेन, आणि ते केवळ नीतीच्या कारणाने नव्हे. न्यायालयात नेता न येणाऱ्या माणसाला मारून टाकणे म्हणजे तपास हरल्याची कबुली आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो खून आहे. वर्सोव्यातील नोव्हेंबर २००६ च्या चकमकीत मारल्या गेलेल्या माणसाला त्याच दिवशी आधी उचलून नेल्याच्या तारा त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना पाठवल्या होत्या. २०१३ साली त्या प्रकरणात पोलिसांनाच जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. तिथेही बोलले ते कागदावरचे तास आणि मिनिटे. आपल्या नायिकेने जे डायरीतून शोधले, तेच दुसरे कुणीतरी तिच्या पतीविरुद्ध शोधू शकेल, हे तिला त्या क्षणी सगळ्यांत आधी कळायला हवे.

घरातल्या भागाबद्दल दोन किरकोळ सूचना. चार लोकांत पत्नी पतीला नावाने हाक मारत नाही. तो वरच्या पदावर असेल तर ‘सर’ म्हणते, जयहिंद करते, आणि ठाण्यातली मंडळी तिला ‘मॅडम’ व त्याचा उल्लेख ‘मॅडमचे साहेब’ असा करतात. दोघांच्या साप्ताहिक सुट्ट्या एका दिवशी येत नाहीत, आणि विसर्जनाच्या दिवशी दोघेही बंदोबस्तात असतात, तेव्हा मुलाला सांभाळणाऱ्या सासूबाई या कथेत असायलाच हव्यात. सासूबाई दोघांच्याही येण्याजाण्याच्या वेळा जाणतात, आणि त्या पोलीस नाहीत. त्यांनी सहज बोललेले एखादे वाक्य तपासाला उपयोगी पडू द्या.

शेवट कसा करावा, या प्रश्नाला माझे उत्तर खटल्याच्या खऱ्या गतीतून येते. अशा गुन्ह्यांत शूटर आणि हस्तक पकडले जातात. म्होरक्याचे नाव आरोपपत्रात ‘पाहिजे असलेला आरोपी’ म्हणून राहते आणि त्याचा खटला वेगळा काढला जातो. तो सापडला की साक्षीपुरावा नव्याने सुरू होतो. छोटा राजन २०१५ साली बाली बेटावर पकडला जाऊन भारतात आणला गेला, आणि गावदेवीतील एका हॉटेल व्यावसायिकाच्या २००१ सालच्या खुनाबद्दल विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली ती २०२४ मध्ये. तेव्हा १९९८ च्या खुनांचे समन्स आपल्या नायक-नायिकेला सतरा-अठरा वर्षांनी येणे पूर्णपणे वास्तव आहे. तोवर त्यांचा घटस्फोट झाला असला, तरीही १९९८ साली त्याने तिला जे सांगितले ते संरक्षितच राहते. विवाह असताना झालेल्या बोलण्याला विवाह संपल्यावरही हे कलम लागू राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली वर्गीस खटल्यात सांगितले आहे. सरकारी वकील तिला साक्षीआधी विचारेल, की त्या रात्री तुमचे काय बोलणे झाले. ती सांगेल, की मला ते सांगता येत नाही, त्यांना विचारा. आणि मग संमती द्यायची की नाही, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या, आता निवृत्त झालेल्या त्या अधिकाऱ्याने ठरवायचे आहे. त्याने संमती दिली तर म्होरक्याला शिक्षा होण्याची शक्यता वाढते, आणि खबऱ्याच्या हातचे खेळणे झाल्याची त्याची गोष्ट जाहीर न्यायालयात नोंदवली जाते.